सदाहरित बुटकी अझेलिया: बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात जमिनीत लावावी की कुंडीत?

टिळकवाडीची परसबाग

सर्वांना नमस्कार. आमचे टिळकवाडीतील घर जुन्या पद्धतीचे असून पूर्वेकडे लांब ओसरी आणि तिच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना मातीचे अरुंद वाफे आहेत. त्या वाफ्यांत आजवर क्रोटन होते. ते काढून तेथे गुडघ्याएवढीच राहणारी, बारमाही हिरवी आणि हंगामात पाने झाकून टाकील इतकी फुलणारी अझेलिया लावावी, अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका रोपवाटिकेतून दुहेरी गुलाबी फुलांचे रोप आणले, तेव्हा ते फुलांनी लगडलेले होते. सध्या ते कुंडीतच ओसरीवर आहे.

पावसाळा संपेपर्यंत रोप ठीक होते. त्यानंतर शेंड्याकडची नवी पाने पिवळट येऊ लागली, मात्र त्यांच्या शिरा हिरव्याच राहिल्या. दिवाळीच्या सुमारास खालची जुनी पानेही बरीच गळाली. शेंड्यांवर कळ्या धरल्या आहेत, पण त्यांपैकी काही तपकिरी होऊन हाताला कोरड्या लागतात. घरात बोअरचे पाणी आहे. नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि आम्ही ते सिमेंटच्या टाकीत साठवतो. खत म्हणून शेणखत आणि अधूनमधून चुलीतील राख घालतो, कारण आमच्या सासूबाईंच्या मते राखेने फुले वाढतात आणि गुलाबाच्या बाबतीत त्यांचा शब्द आजवर खोटा ठरलेला नाही.

हे रोप वाफ्यात हलवावे की कुंडीतच ठेवावे, पिवळेपणावर काय उपाय करावा आणि बेळगावच्या थंडीत याला दरवर्षी फुले येतील अशी अपेक्षा धरणे योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जांभ्याचा माणूस, खानापूर

ताई, आमच्याकडे खानापूरहून जांबोटीच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती आहे. तिच्यात अझेलिया जमिनीत चांगली रुजते, त्यामुळे माझे मत जमिनीच्या बाजूने आहे. मात्र आमच्या भागातील पाऊस लक्षात घेता झाड सपाट जमिनीत खड्डा करून लावणे म्हणजे त्याला आषाढात बुडवणे होय. अझेलियाची मुळे केसांसारखी बारीक असतात, वरच्या वीतभर थरातच पसरतात आणि पाण्यात राहिली की लगेच कुजतात. म्हणून मी जमिनीवरच वीत-दीड वीत उंचीचा मातीचा उंचवटा करून घेतला, कडेने जांभ्याचे चिरे लावले आणि त्यावर रोप असे बसवले की कुंडीतील मातीचा वरचा कडा भोवतालच्या मातीपेक्षा दोन बोटे वर राहील. पहिल्या पावसात माती खाली बसते तेव्हा झाड आपोआप योग्य पातळीला येते.

मातीत निम्म्याहून अधिक कुजलेला पालापाचोळा घालावा. फणस आणि आंब्याची पाने कुजायला वेळ घेतात, पण कुजल्यावर त्यांचे खत या झाडाला फार मानवते. वरून सुरूच्या झाडाखाली पडणाऱ्या काड्यांचे चार बोटांचे आच्छादन द्यावे आणि ते खोडाला चिकटू देऊ नये. आच्छादनाखाली खुरपे चालवण्याचा मोह मात्र टाळावा. गुलाबाची माती आपण जशी भुसभुशीत करतो तशी येथे केली, तर जी मुळे तुटतील तीच झाडाची खरी मुळे असतात.

ओसरी पूर्वेला आहे हे उत्तमच. सकाळचे ऊन दहा-साडेदहापर्यंत मिळावे आणि नंतर सावली असावी. चैत्र-वैशाखातील पश्चिमेचे ऊन या झाडाच्या पानांना सोसत नाही.

माती आणि पाणी

प्रश्न नीट मांडला असल्याने उत्तरही थोडे सविस्तर देतो. नवी पाने पिवळी व शिरा हिरव्या हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. नत्र कमी पडले असते तर आधी जुनी पाने सरसकट पिवळी झाली असती. परंतु लोह कमी पडते याचा अर्थ मातीत लोह नाही असा नव्हे. बेळगावची तांबडी माती लोहामुळेच तांबडी असते. अझेलियाला साधारण ४.५ ते ६ सामू (पीएच) असलेली आम्ल माती लागते. सामू सातच्या वर गेला की मातीतील लोह अविद्राव्य स्वरूपात जाते आणि मुळांना उचलता येत नाही. अझेलिया ज्या कुळातील आहे, त्या कुळातील बहुतेक झाडे आम्ल मातीतच वाढतात आणि त्यांच्या मुळांशी राहणारी बुरशीही तशाच मातीत त्यांना अन्न पुरवते.

आता आपल्याकडे सामू कशाने चढतो ते पाहावे. आपल्या भागात खोल बोअरचे पाणी बहुधा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. असे पाणी रोज थोडेथोडे घातल्यास कुंडीतील माती काही महिन्यांत आम्लाकडून अल्कधर्मी बाजूला सरकते. पाऊस असेपर्यंत रोप ठीक राहिले आणि बोअरचे पाणी सुरू झाल्यावर बिघडले, या आपल्याच वर्णनावरून हे स्पष्ट दिसते. कुंडीच्या बाहेरील बाजूस पांढरा थर धरला आहे का ते पाहावे. बोअरच्या पाण्याने किटलीच्या बुडाशी जो क्षार साचतो, तोच हा थर होय. चुलीतील राख अल्कधर्मी असते, त्यामुळे गुलाबाला ती चालली तरी अझेलियाला पूर्णपणे बंद करावी. अंड्यांची टरफले, चुना, हाडांचा चुरा हेही त्याच यादीतले. सिमेंटच्या टाकीतून, विशेषतः ती नवी असल्यास, चुना पाण्यात उतरतो, म्हणून नळाचे पाणी शक्य तर प्लॅस्टिकच्या पिंपात भरून ठेवावे.

आपल्याकडची एक सवय येथे सांगितलीच पाहिजे. कुंडीच्या तळाला निचऱ्यासाठी घरी पडलेले शहाबादी फरशीचे तुकडे घालण्याची पद्धत आपल्या भागात सर्रास आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. आम्ल मातीत तो हळूहळू झिजून चुना सोडत राहतो आणि मग वरून कितीही उपाय केले तरी तळातून सामू वर ढकलला जातो. त्याऐवजी जांभ्याचे किंवा भाजलेल्या विटेचे तुकडे घ्यावेत, मात्र जुन्या भिंतीतील चुन्याचा गिलावा चिकटलेल्या विटा नकोत.

वाफ्याबद्दल मात्र खानापूरच्या सदस्यांशी मी पूर्ण सहमत नाही. टिळकवाडीत मूळ जमीन कशीही असली तरी जुन्या घराच्या पायऱ्यांलगतची माती ही बहुतेक वेळा बांधकामाच्या राडारोड्याची भर असते. तीत चुना, सिमेंट, फरशीचे तुकडे हमखास सापडतात. त्या जागची मूठभर माती कोरडी करून तिच्यावर घरातील व्हिनेगर ओतावे. बुडबुडे येऊन सूं असा आवाज झाला तर तेथे मोकळा चुना आहे असे समजावे आणि त्या वाफ्यात अझेलिया लावण्याचा विचार सोडून द्यावा. मोकळा चुना असलेल्या मातीत गंधक घालून सामू उतरवण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो, कारण तयार होणारे आम्ल चुना खाऊन टाकतो आणि चुना संपेपर्यंत सामू जागचा हलत नाही.

टिळकवाडीची परसबाग

अत्यंत आभारी आहे. आज दोन्ही वाफ्यांतील माती काढून व्हिनेगर घालून पाहिले. उजव्या वाफ्यातील मातीवर ठळक फेस आला आणि कानाशी नेल्यावर बारीक चरचर ऐकू आली. डाव्या वाफ्यात, म्हणजे आंब्याच्या बाजूला, काहीच झाले नाही. कुंडीच्या काठाला पांढरी कड आहेच. तळाशी काय घातले आहे ते रोपवाटिकेलाच ठाऊक.

डाव्या वाफ्यात लावावे का?

जांभ्याचा माणूस, खानापूर

आंब्याखालची जागा सावलीला चांगली, पण आंब्याची मुळे वरच्या मातीतील पाणी ओढून घेतात आणि तुमच्या नव्या उंचवट्यात तर ती वर्षभरात शिरतील. खोडापासून दूर, फांद्यांच्या कडेच्या सावलीत जागा असेल तर अवश्य लावावे. नाही तर कुंडी.

निपाणीची अंगणवेल

मी निपाणीजवळ राहते आणि आमची माती काळी आहे, तेव्हा माझे उत्तर सोपे आहे: आमच्यासारख्यांनी कुंडीच धरावी. चिकोडी, रायबाग, अथणी या बाजूला जेथे उसाच्या रानात पांढरे चुनखडीचे खडे वर दिसतात, तेथे जमिनीत अझेलिया जगवण्याचा खटाटोप कोणी करू नये, असे मी स्पष्टच सांगेन. त्याच जमिनीत अनंताची पाने पिवळी पडतात आणि इक्झोरा खुजट राहतो हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे ज्यांच्या अंगणात अनंत काही न करता गर्द हिरवा राहतो, त्यांनीच अझेलिया जमिनीत लावण्याचा विचार करावा. मातीपरीक्षण करायचेच असेल तर रयत संपर्क केंद्रात नमुना कोठे द्यायचा हे विचारावे. पण अनंताची साक्ष मला तेवढीच विश्वासार्ह वाटते.

कुंडीबद्दल माझा अनुभव असा की ती खोल नसावी, पसरट असावी. उंच कुंडीत तळाची माती मुळांविना ओली राहते आणि आंबते. माझे मिश्रण दोन भाग कुजलेला पाला, एक भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग जांभ्याची भरड असे आहे. कोकोपीट धुऊन घेणे आवश्यक आहे, कारण त्यात बरेचदा क्षार असतात. कोकोपीटचा विटेसारखा ठोकळा पाण्यात फुगवून, गाळून, पुन्हा भिजवून पिळावा आणि पाण्याचा तपकिरी रंग फिका होईपर्यंत हे करावे. कुंडी मातीची असल्यास उन्हाळ्यात ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओला पाला भरावा, म्हणजे मुळे तापत नाहीत.

हिंडलग्याचा नवा माळी

चहाचा चोथा आणि लिंबाचे पाणी घातल्याने माती आम्ल होते असे सगळीकडे वाचायला मिळते. एवढे सोपे असताना गंधक वगैरे कशाला?

माती आणि पाणी

चहाची पाने उकळल्यावर त्यांतील बरेचसे आम्ल पाण्यात उतरते आणि ते आपण पिऊन टाकतो. उरलेला चोथा सामूच्या दृष्टीने फारसा काही करत नाही. त्यातून आपल्या घरचा चोथा म्हणजे दूध-साखरेत उकळलेला, त्यामुळे कुंडीला मुंग्या लागतात आणि वर पांढरी बुरशी चढते. धुऊन, वाळवून पाल्याच्या खतात मिसळल्यास हरकत नाही, पण त्याने सामू उतरेल या भरवशावर राहू नये.

लिंबाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. लिंबाच्या फुलाची, म्हणजे सायट्रिक ॲसिडची, चिमूट जड पाण्यात घातल्यास पाण्यातील बायकार्बोनेट नाहीसे होते आणि ते पाणी अझेलियाला घालण्याजोगे होते. म्हणजे ते पाण्यावरचे औषध आहे. मातीत सूक्ष्मजीव ते आम्ल लवकरच खाऊन टाकतात, त्यामुळे माती त्याने टिकून आम्ल राहत नाही. तुरटीही कोणी सुचवतात. तिच्यातील ॲल्युमिनियम कुंडीत साचून मुळांना बाधते, म्हणून ती वापरू नये.

सर्वांत चांगले पाणी पावसाचे. आपल्या भागात बेळगाव शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कणकुंबीच्या बाजूला तर त्याच्या कित्येक पट, तरीही आपण बोअर उपसून कुंड्यांना घालतो, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे. पागोळ्यांखाली पिंप ठेवावे, पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी धूळ-कचऱ्यासह सोडून द्यावे आणि मग भरून झाकण लावावे, म्हणजे डास होत नाहीत. एका-दोन रोपांना मार्गशीर्षापर्यंत ते पुरते. छत सिमेंटच्या स्लॅबचे असेल तर तेथून येणारे पाणी थोडे चुनकट असते, कौलांवरचे अधिक चांगले.

आजच्या रोपासाठी तातडीचा उपाय असा: नळाच्या साठवलेल्या पाण्याने कुंडी दोन-तीन वेळा भरपूर धुऊन काढावी, म्हणजे साचलेला क्षार खालून निघून जाईल. त्यानंतर लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि लिंबाच्या फुलाची चिमूट घालून सायंकाळी पानांवर फवारावे. हिराकस फरशीवर सांडल्यास गंजाचे डाग पडतात, म्हणून कुंडी अंगणातील मातीवर नेऊन फवारणी करावी. हिराकस मातीत घालण्याचा उपयोग सामू चढलेला असताना होत नाही, कारण ते लगेच अविद्राव्य होते. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळते, परंतु त्यातही ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या वर गेल्यास टिकत नाही आणि ईडीडीएचए प्रकार अल्कधर्मी मातीतही काम देतो. पुडीवर कोणता आहे ते वाचून घ्यावे. कायमचा उपाय मात्र पाणी आणि माती बदलणे हाच. खताची गरज या झाडाला थोडीच असते. फुले संपल्यावर आणि पावसाळ्याच्या तोंडाशी अमोनियम सल्फेट लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, ओल्या मातीवर, एवढे पुरे. त्यातील नत्र अमोनियम स्वरूपात असल्याने ते सामू उतरवण्यासही थोडी मदत करते.

डोंगरफुले

पिवळेपणाबद्दल एवढे उत्तम लिहिले गेले आहे की मी फुलांकडे वळतो, कारण बहुतेकांचे दुःख ‘आणले तेव्हा फुलले, पुन्हा फुललेच नाही’ हेच असते.

प्रथम दिवाळीतील पानगळीची चिंता ताईंनी सोडावी. सदाहरित अझेलियाला वर्षात दोन प्रकारची पाने येतात. वसंतातील पाने मोठी व पातळ असतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पिवळी पडून गळतात; उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येणारी लहान, जाड पाने शेंड्याशी झुबक्याने राहतात आणि तीच हिवाळा काढतात. सदाहरित या शब्दाने आपली फसगत होते, पण खालची पाने गळून शेंड्याची टिकली असतील तर ते झाडाचे नेहमीचे वागणे आहे.

कळ्यांचे गणित असे आहे. फुलकळी उबदार दिवसांत, नव्या फुटव्याच्या टोकाशी धरते. मात्र ती पूर्ण उमलण्यासाठी काही आठवडे थंडी लागते. बेल्जियममधील गेंट हा कुंडीतील अझेलियांचा मोठा प्रदेश असून तेथील अझेलियाला युरोपीय संघाने २०१० मध्ये भौगोलिक मानांकनाचे संरक्षण दिले आहे. तेथे उत्पादक रोपे शीतगृहात ठेवून मग उबदार काचगृहात आणतात आणि ऐन नाताळात फुले घेतात. आपल्याकडे रोपवाटिकांत मिळणारी दुहेरी फुलांची रोपेही बहुतेक त्याच, म्हणजे चीनमधील ऱ्होडोडेंड्रॉन सिम्सी या जातीपासून निघालेल्या संकरांची असतात आणि ही जात थंडीबाबत फारशी हट्टी नाही. जपानच्या क्यूशू बेटावरील कुरुमे अझेलिया लहान फुलांची व अधिक घट्ट बांध्याची असते. १९१८ मध्ये अर्नेस्ट विल्सन यांनी तिच्यातील पन्नास वाण निवडून पाश्चात्त्य देशांत नेले. दिसायला ती फार सुंदर, पण तिला आपल्यापेक्षा जास्त थंडी हवी असते. उटी २,२४० मीटर उंचीवर आहे आणि बेळगाव सुमारे ७५० मीटरवर, हा फरक लक्षात घेतल्यास उटीच्या बागेतील अझेलियाचे छायाचित्र पाहून तेच रोप मागवणे का फसते ते कळेल.

बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारणतः १३-१४ अंशांवर असतो आणि एखाद्या लाटेत दहाच्या आसपास उतरतो. सिम्सीच्या संकरांना कळ्या उघडायला हे जेमतेम पुरते. म्हणून या दोन महिन्यांत कुंडी ओसरीच्या छपराखाली किंवा भिंतीच्या उबेत न ठेवता रात्री उघड्या आभाळाखाली ठेवावी. माझ्या अनुभवात माघ-फाल्गुनात फुले येतात, पण सगळी एकदम येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात. रोपवाटिकेतील भरगच्च बहर दरवर्षी घरी दिसेल अशी अपेक्षा धरू नये.

आता तपकिरी कळ्या. एक कळी चिमटीत धरून तिच्या बुडाशी नीट पाहावे. थंडी अपुरी पडली की कळीच्या लगेच खालून दोन-तीन कोवळे, लवदार, पोपटी फुटवे वर सरकतात आणि कळीला मागे टाकून वाढू लागतात. कळीचे अन्न ते ओढतात आणि कळी वाळते. असे फुटवे दिसताच नखाने खुडून टाकावेत, बहुतेक कळ्या वाचतात. फुटवे नसतील आणि तरीही कळ्या कोरड्या असतील तर कारण पाणी आहे. हिवाळ्यात झाड वाढत नाही म्हणून आपण पाणी कमी करतो, पण आपल्याकडील कोरड्या पूर्ववाऱ्यात कळ्या एकदा वाळल्या की नंतर पाणी देऊन त्या परत येत नाहीत.

टिळकवाडीची परसबाग

आताच दिवा घेऊन पाहिले. जवळजवळ प्रत्येक तपकिरी कळीच्या खाली असे फुटवे आहेत. चांगल्या कळ्यांच्या खालचे लगेच खुडले. छाटणी केव्हा करावी? रोप एका बाजूने लांबट होऊ लागले आहे आणि आणले तेव्हाचा घोटीव आकार राहिलेला नाही.

डोंगरफुले

तो घोटीव आकार सर्वस्वी झाडाचा नव्हता. कुंडीतील विक्रीच्या अझेलियांवर वाढ रोखणारी रसायने फवारण्याची पद्धत व्यापारी लागवडीत आहे. त्यांचा परिणाम ओसरला की पेरे लांब पडू लागतात. त्यामुळे ‘बुटका वाण’ म्हणून आणलेले रोप वर्षाने अंगात आल्यासारखे उंच झाले, तर वाण खोटा निघाला असे लगेच समजू नये. नैसर्गिकरीत्या बुटके वाणही असतात, ते अडीच-तीन फुटांच्या पुढे सहसा जात नाहीत, पण रोपवाटिकेत दोन्ही सारखेच दिसतात.

छाटणी फुले संपल्याबरोबर करावी, म्हणजे आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात. लांबट फांद्या निम्म्यावर कापाव्यात आणि नंतर येणाऱ्या फुटव्यांचे शेंडे बोटभर झाल्यावर एकदा खुडावेत. मृगाचा पाऊस सुरू झाल्यानंतर कात्री बाजूला ठेवावी. त्यानंतर जे कापाल ते पुढील वर्षीचे फूल असेल. गणपतीच्या आधी अंगण नीटनेटके करताना माळ्याने सगळ्या झुडपांबरोबर अझेलियाही सपाट कापली आणि मग वर्षभर फूल नाही, हे बेळगावातील कितीतरी बंगल्यांत घडत असते.

निपाणीची अंगणवेल

पानांवर वरून पांढुरके ठिपके आणि खालून वार्निश सांडल्यासारखे काळे डाग दिसत असतील तर तेही एकदा पाहून घ्यावे. ती जाळीदार पंखांची अगदी लहान ढेकणी असते, पानाच्या खालच्या बाजूने रस शोषते आणि भर उन्हात ठेवलेल्या झाडांवर अधिक येते. निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात फेटून पानांच्या खालून फवारल्यास आटोक्यात राहते. फवारा वरून मारून काहीच उपयोग होत नाही. वैशाखात लाल कोळीही येतो, त्याला नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा बऱ्याचदा पुरतो.

कडोलीची शेतकरीण

एक गोष्ट या धाग्यात अजून कोणी लिहिली नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. अझेलियाचे पान, फूल, मध, सगळे विषारी आहे. त्यातील ग्रेयानोटॉक्सिनमुळे लाळ गळणे, ओकाऱ्या, नाडी मंद होणे असे प्रकार होतात आणि शेळ्या-मेंढ्यांना थोडा पालाही बाधतो. आमच्याकडे छाटलेल्या फांद्या कुंपणाबाहेर टाकण्याची सवय आहे आणि वाटेने जाणाऱ्या शेळ्या त्यावर तुटून पडतात, तेव्हा अझेलियाची छाटणी पुरून टाकावी. फुले देवाला वाहण्यास हरकत नाही, पण ते निर्माल्य गाईच्या पुढ्यात टाकू नये. आणखी एक सांगते. आपली मुले इक्झोराचे फूल तोडून देठाकडून मध चोखतात. अझेलियाचे फूलही लांबट नळीचे असते आणि मुलांना दोन्हींतील फरक कळत नाही, तेव्हा घरात लहान मूल असेल तर त्याला आधीच समजावून ठेवावे किंवा कुंडी त्याच्या हाताच्या पलीकडे ठेवावी.

टिळकवाडीची परसबाग

हे फारच महत्त्वाचे सांगितलेत. आमच्याकडे दोन नातवंडे आणि एक पायरीवर बसून जे दिसेल ते चावणारे कुत्रे आहे, त्यामुळे वाफ्यांचा बेत रद्द करून झाड ओसरीच्या कठड्यावर पसरट कुंडीतच ठेवण्याचे ठरवले आहे. वाफ्यात अबोली लावू. राख बंद केली असून सासूबाईंना त्याचे कारणही सांगितले. त्यांनी गुलाबापुरता आपला हक्क राखून ठेवला आहे.

शेवटचे दोन प्रश्न. कुंडी आताच बदलावी की फुले झाल्यावर? आणि या रोपाचे दुसरे रोप करता येईल का?

जांभ्याचा माणूस, खानापूर

कळ्या असताना मुळांना हात लावू नये. आता फक्त पाणी बदला, फुले संपली की छाटणी आणि कुंडीबदल एकाच वेळी करा. रोप बाहेर काढल्यावर मुळांचा गोळा पाहावा. बाहेरून आणलेल्या रोपांत तो बहुधा पीट नावाच्या काळपट, तंतुमय पदार्थाचा असतो आणि एकदा पूर्ण सुकला की वरून घातलेले पाणी तो शोषत नाही. पाणी कडेने वाहून जाते, माती ओली दिसते आणि झाड तहानलेले राहते. गोळा बादलीभर पावसाच्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावा, मग कडेची गुंडाळलेली मुळे बोटांनी मोकळी करून नव्या मिश्रणात बसवावा. खोड पूर्वी होते त्याहून खोल जाऊ देऊ नये.

दुसऱ्या रोपासाठी दाब कलम सर्वांत खात्रीचे. खालची लवचिक फांदी पावसाळ्याच्या सुरुवातीला शेजारच्या लहान कुंडीत वाकवावी, मातीत जाणाऱ्या भागाची साल खालून किंचित खरवडावी, वर जांभ्याचा चपटा तुकडा ठेवावा आणि हिवाळा सरेपर्यंत तिकडे पाहू नये. फाटे कलमही होते. आषाढात अर्धवट पिकलेल्या फुटव्याचा बोटभर तुकडा धुतलेल्या कोकोपीटमध्ये खोचून वर पारदर्शक पिशवी घालावी लागते, पण त्यातले बरेच कुजतात. बियांपासून मात्र करू नये, संकरित वाण बियांतून तसाच उतरत नाही.

निपाणीची अंगणवेल

दाब कलमाचे रोप आईपासून तोडल्यावर पहिला उन्हाळा त्याच जागी, त्याच सावलीत ठेवावे. आणि त्या वर्षी त्याच्यावर कळ्या धरल्या तर त्या खुडून टाकाव्यात, म्हणजे मुळे धरतात.